एका पत्र्याखाली

बाबासो : …आन कडी लावून रुसून बसायला ही काय माहेरची खोली हाय तुझी? कारखान्याची लॅब हाय ही. दार उघड, संघप्रिया.

संघप्रिया : खिडकीतून बोला, काका. ऐकू येतंय मला. दार नाही उघडणार.

बाबासो : बघा पावणं, बघा! ही असली पोरगी.

कृष्णात : थांबा मामा, मला बोलू द्या. मॅडम, मी कृष्णात, कुरुंदवाडचा. पेस्ट कंट्रोलचं काम करतो. हे शेजारी तुमच्या कारखान्याचं सभासद भांडार हाय न्हवं, त्यात आत्ताच गोळ्या ठिवल्यात मी. शटर वढून टेप मारलाय. हवेतला दमटपणा लागला की गोळीतनं गॅस सुटतो, आन त्यो गॅस माणूस कुठला आन किडा कुठला बघत न्हाय. शेजारची खोली मोकळी पायजे, असा नियमच हाय आमचा. तुमी बाहेर या, ह्याबी दाराला टेप मारतो, थोडं दिस कुलूप. झालं.

संघप्रिया : गोळ्या ठेवल्यासुद्धा? मला न विचारता?

कृष्णात : मला सांगितलं, लॅब बंद हाय. आज रविवार.

संघप्रिया : कुणी सांगितलं?

बाबासो : मी सांगितलं! भांडाराचा मॅनेजर मी हाय. उसाचं गळीत संपलं, निम्मा कारखाना झोपलाय, रविवारचं हितं कोण तडफडतंय?

संघप्रिया : आतल्या पाकोळ्यांना रविवारीबी भूक लागते, काका.

कृष्णात : पाकोळ्या? पाळल्यात व्हय तुमी?

संघप्रिया : ट्रेमध्ये. धान्यातले बारीक पतंग असतात हे, ज्वारीच्या भरड्यात वाढवते. त्यांची अंडी कार्डाला चिकटवायची आणि त्या अंड्यांत एक परोपजीवी माशी वाढवायची. टाचणीच्या टोकापेक्षा बारीक असते ती. ते कार्ड शेतकऱ्यानं उसाच्या पानाखाली टाचलं की माशी बाहेर पडते आणि खोडकिडीच्या अंड्यांत आपली अंडी घालते. अळी जन्मालाच येत नाही.

कृष्णात : आयला! म्हंजे एकाच आवारात मी मारतो त्येच तुमी पाळता. बरं हाय. मला काम कमी पडायचं न्हाय.

बाबासो : हसतोस काय? माझ्या अंगाची लाही व्हतीया आन तू हसतोयस.

कृष्णात : हसू न्हाय तर काय करू मामा? कारखाना म्हंजे किड्यांचं गावच असतंय. मळीच्या टाकीवर माश्या, उसाच्या चिपाडाच्या ढिगात वाळवी, फाटकावरच्या दिव्यांना भुंगेरं, भांडारात सोंडे. ज्याला त्याला त्याची आळी वाटून दिलेली. मी फकस्त भांडाराच्या आळीत आलोय. मॅडम, या बाहेर.

संघप्रिया : आज नको. उद्या कार्डं न्यायला शेतकरी गटातली माणसं येणारेत. शेतात कोवळा ऊस उभा आहे, खोडकिडीचे पतंग उडायला लागलेत. आत्ता नाही कार्डं लावली तर उपयोग नाही.

कृष्णात : मग द्या की चार दिसांनी. मधी भिंत हाय. गॅस भांडारात, कार्डं लॅबात. टेबलावर ठिवा, कुलूप घाला. कडेवर घेऊन कशाला बसायचं?

संघप्रिया : नको म्हटलं ना.

कृष्णात : का नको?

संघप्रिया : गोळ्या काढा. रवा, धान्य, काय असेल ते दुसरीकडं न्या आणि मग करा काय करायचं ते.

बाबासो : दुसरीकडं? समद्या सभासदांच्या डोळ्यासमोर भांडार मोकळं करू? परवा रामनवमीच्या सप्त्यात जे झालं त्यात पोट भरलं न्हाय व्हय तुझं? महाप्रसादाच्या रव्यात अळ्या निघाल्या, पावणं! ह्या बाईनं पाळलेल्या!

संघप्रिया : असल्या अळ्या कुठल्याही किराणा दुकानात निघतात. माझ्याच कशावरून?

बाबासो : तुझ्या भिंतीला लागून हुती ती पोती!

संघप्रिया : मग भिंतीतून आल्या का?

बाबासो : फटी असत्यात. किड्याला काय, केसाएवढी फट पुरती.

कृष्णात : मामा, एक मिनिट. मॅडम, एक विचारतो. मधली भिंत वरपातूर हाय न्हवं? पत्र्याला टेकलेली?

बाबासो : हाय म्हंजे? माझ्या डोळ्यादेखत बांधलीया. गवंडी माझ्याच गावचा.

कृष्णात : मी तुमाला न्हाय विचारलं. मॅडम?

संघप्रिया : काका म्हणाले की आत्ता.

कृष्णात : मॅडम, मी खिडकीतनं तुमचं तोंड बघतोय. वर कुठं बघताय सारखं? पांढऱ्या सीलिंगकडं?

संघप्रिया : काही नाही.

कृष्णात : ह्या धंद्यात माणूस मेलेला बघितलाय मी. एका गोडाऊनला गोळ्या ठिवल्या, शेजारच्या खोलीत वॉचमन झोपलेला. मालक म्हणलाता भिंत पक्की हाय. सकाळी त्याची बायको डबा घेऊन आली. त्या दिवसापासनं मी भिंतीवर इश्वास ठिवत न्हाय, मालकावर तर न्हाईच. आता खरं बोला. तुमी पाकोळ्यांसाठी अडून बसलाय, का आणिक कशासाठी?

संघप्रिया : भिंत वरपर्यंत नाही.

बाबासो : काय म्हणलीस?

संघप्रिया : सीलिंगच्या तक्त्यांपर्यंतच आहे. तक्त्यांच्या वर सगळं मोकळं, हातभर उंच. भांडाराचा आणि लॅबचा पत्रा एकच आहे. पंखा बदलायला वायरमन चढला, त्यानं तक्ता सरकवला, तेव्हा मी स्टुलावर उभी राहून बघितलं. पलीकडच्या तक्त्यांच्या फटीतून तुमचा ट्यूबलाइट दिसला मला.

बाबासो : कधी?

संघप्रिया : सप्त्याच्या आधी.

बाबासो : म्हंजे ठाऊक हुतं तुला! ठाऊक असून तोंड शिवून बसलीस! आन आत्ता म्हणतीस माझ्याच कशावरनं!

संघप्रिया : तेव्हा सांगितलं असतं, तर शेतकी अधिकारी दुसऱ्या दिवशी लॅबला कुलूप लावून मोकळे झाले असते. त्यांना निमित्तच हवंय. म्हणतात, कार्डं कशाला पाहिजेत, टँकरनं औषध मारू की. एकदा तसं मारलं की उसातला कोळी, ढालकिडा, माझी माशी, सगळंच मरतं, आणि पुढच्या वर्षी खोडकीड एकटीच परत येते. दिवाळीपासून वाढवलंय मी हे सगळं, काका. पहिला जथा मेला, दुसरा मेला, तेव्हा कुठं हा टिकला. गॅस आत आला तर माशीबी संपली आणि पाकोळीबी. पुन्हा उभं करेपर्यंत ऊस पोग्यात, कोवळ्या शेंड्यातच, वाळलेला असेल.

कृष्णात : भांडण मागनं करा दोघं. मॅडम, बाहेर या.

संघप्रिया : आधी गोळ्या काढा.

कृष्णात : काढतो. आत्ताच ठिवल्यात, अजून पेटल्या न्हाईत नीट. पण तुमी आत असताना मी शटर उघडणार न्हाय. तुमी बाहेर, मग मी आत.

संघप्रिया : शपथ घ्या.

कृष्णात : मी शपथ घेत न्हाय मॅडम, मी लायसन घेतलंय. या.

(कडी निघते. संघप्रिया ओढणीनं तोंड पुसत उंबऱ्याबाहेर येते. उन्हात आल्यावर तिला कळतं की आपले हात भरड्यानं पांढरे झालेत. कृष्णात तोंडाला मास्क चढवून शटरवरचा टेप ओरबाडतो आणि आत शिरतो. बाबासो आणि ती, मधे चार हात जागा सोडून, निंबाखाली उभे.)

बाबासो : उन्हात उभी ऱ्हा. सावलीत नगं. हितं वारं भांडाराकडनं येतंय.

संघप्रिया : बरं.

बाबासो : आणिक लांब.

संघप्रिया : राहिले की लांब. अजून किती लांब जाऊ?

बाबासो : तसं न्हाय म्हणलो मी.

संघप्रिया : तुम्ही काय म्हणालात ते धम्मपालनं ऐकलंय. माझा भाऊ. ट्रॅक्टर घेऊन मंडपावरून चालला होता परवा. रस्त्यावर ऐकू आलं त्याला.

बाबासो : काय ऐकलं?

संघप्रिया : "लॅबातल्या पोरीनं घाण सोडली प्रसादात." असं.

बाबासो : रागाच्या भरात माणूस…

संघप्रिया : किडा म्हणाला असतात, तर मी हसून सोडून दिलं असतं. घाण म्हणालात. घरी आल्यावर धम्मपाल जेवला नाही. मला म्हणाला, तू त्या भांडारातून साखर आणू नकोस आता.

बाबासो : तुला सांगतो काय झालतं. ऐक. मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

संघप्रिया : मी नाही शिव्या देत कुणाला.

बाबासो : सप्त्यात मी महाराजांच्या मागं टाळ धरून उभा ऱ्हातो, हे ठाऊक हाय तुला. पोरसवदा हुतो तवापासनं. परवा कीर्तन असं रंगलतं म्हणतीस! महाराजांनी चाल वर नेली, मृदंग घुमाय लागला, बाया-बापे समदे डोलाय लागले. मला माझं नाव आठवंना, इतकी तंद्री लागलीती. आन तेवढ्यात चिमणाबाई सैपाकाच्या मांडवातनं सूप घेऊन आली, सरळ महाराजांच्या म्होरं. रवा चाळाय घेतलता त्यांनी. सुपात जाळी, आन जाळीत पांढऱ्या अळ्या वळवळत्यात. म्हणली, "बाबासो, ह्येचा शिरा करायचा देवाला?" मृदंग थांबला, पोरी. इतकी वर्सं झाली, कीर्तनात मृदंग मधीच थांबलेला मी कधी ऐकला न्हाय. पाचशे माणूस माझ्याकडं बघतंय. माझ्या हातात टाळ तसंच धरलेलं. त्या टायमाला तोंडातनं गेलं.

संघप्रिया : तोंडातून गेलं म्हणजे आधी मनात होतं.

बाबासो : आसंल. न्हवतं असं कसं म्हणू? रोज देवाचं नाव घ्यायचं आन तोंडात असलं ठिवायचं. त्या दिसापासनं मी मंडपात गेलो न्हाय. काल महाराजांनी माणूस धाडलाता, टाळ मोकळा हाय म्हणून. मी सांगितलं, अंग दुखतंय.

संघप्रिया : आणि लोकांना काय सांगितलंत?

बाबासो : काय न्हाय. म्हणून तर रविवार धरला. कुणाला कळायच्या आत गोळ्या घालायच्या, किडा मारायचा, पोती परत मांडायची.

संघप्रिया : मीपण तेच केलं. कुणाला कळायच्या आत तक्ता परत बसवला.

कृष्णात : झालं! मॅडम, झालं. ठिवलेल्या समद्या गोळ्यांच्या पुड्या डब्यात आल्या. मामा, शटर पुरतं वर करा, वारं खेळू द्या. उफ्, ह्या मास्कात उकडून निघतोय माणूस. वास-बीस काय न्हाय आत, टायमात काढल्या.

संघप्रिया : मग मी जाऊ आत? ट्रे बाहेर काढते आधी, सगळे. त्या कोपऱ्यातल्या टेबलावर आहेत.

कृष्णात : जावा की. आता काय भ्या न्हाय.

संघप्रिया : आलेच.

बाबासो : थांब.

संघप्रिया : आता काय?

बाबासो : आत जाऊ नगंस.

कृष्णात : का वो मामा? मी काढल्या म्हणतोय की समद्या.

बाबासो : तू ठिवलेल्या काढल्यास. एक मी ठिवलीया.

कृष्णात : काय?

बाबासो : तू टेप आणाय बाहेर गेलतास, तवा डब्यातनं एक पुडी घेतली. रव्याच्या पोत्यांच्या थप्पीवर चढलो आन अगदी वर, तक्त्याला लावून ठिवली. म्हणलं, तिकडनंच येत्यात, तिथंच बसू दे चांगला दणका.

कृष्णात : हातानं? उघड्या हातानं? मामा, तुमी माणूस हाय का कोण?

बाबासो : मला काय ठाऊक वरनं मोकळं हाय!

कृष्णात : मग मॅडम बाहेर आल्यावर का न्हाय बोललात? मी आत हुतो तवा? मी त्या थप्पीच्या बुडाशी वाकून पुड्या गोळा करतोय आन डोक्यावर तुमची पुडी!

बाबासो : लाज वाटली.

कृष्णात : लाज! त्या वॉचमनच्या मालकालाबी लाजच वाटलीती.

संघप्रिया : ते टेबल… काका, ते टेबल बरोबर त्याच जागी, भिंतीच्या अलीकडं आहे माझं. सकाळपासून मी तिथंच बसले होते.

बाबासो : म्हणून तर थांब म्हणलो, पोरी. म्हणून तर.

कृष्णात : सरका. दोघंबी सरका, फाटकापर्यंत जावा. जोवर मी बाहेर येत न्हाय, कुणी आत पाय ठिवायचा न्हाय. थप्पीच्या कुठल्या बाजूला?

बाबासो : उजव्या हाताला. लाल शिक्क्याचं पोतं हाय, त्याच्यावर.

संघप्रिया : कृष्णातदादा, मास्क नीट लावा. वरचा पट्टा सैल आहे.

कृष्णात : व्हय, व्हय.

बाबासो : बस हितं, दगडावर. पाणी पी. घे, माझी बाटली हाय. तोंड लावून पी, काय हुत न्हाय.

संघप्रिया : हात धुवा तुम्ही आधी.

बाबासो : आं?

संघप्रिया : त्या हातानं पुडी धरली ना? साबणानं धुवा. तोवर बाटलीला हात लावू नका.

बाबासो : धुतो. मी धुतो. तू घाबरलीस व्हय?

संघप्रिया : हो.

बाबासो : मीबी. तू उंबऱ्याकडं वळलीस आन वाटलं, आता जीभ हलली न्हाय तर पुन्ना कुठल्या तोंडानं नाव घेऊ देवाचं.

संघप्रिया : दादा फार वेळ झाला आत.

बाबासो : थप्पी उंच हाय.

संघप्रिया : हाक मारू का?

बाबासो : मास्कात ऐकू यायचं न्हाय. थांब. आला, आला बघ.

कृष्णात : घावली. पांढरी पडाय लागलीती. ह्या दमट उकाड्यात आणिक थोडं थांबलो असतो तर… जाऊ दे. डबा लांब ठिवलाय, उघड्यावर, तिकडं कुणी जाऊ नका. आता खोल्या वारा खाऊ देत निवांत. आन मामा, ऐका. ह्या इमारतीत मी गोळी टाकणार न्हाय. कारखान्याच्या चेअरमननं सांगितलं तरी न्हाय.

बाबासो : मग किडा?

कृष्णात : पोती बाहेर काढायची. त्या मोकळ्या ओट्यावर, फाटकाजवळ. गहू, डाळी एकीकडं लावायच्या, वर जाड ताडपत्री, कडंनं वाळूच्या पिशव्या, आत गोळ्या, बाहेर धोक्याची पाटी. रवा तसला ठिवायचा न्हाय, जाळी धरलीया त्याला, खड्डा काढून पुरायचा. तोवर भांडार झाडायचं, फटी बुजवायच्या आन ती भिंत पत्र्यापातूर न्यायची. मॅडमच्या ट्रेला बारीक जाळी. येवढं केलं तर त्यांची पाकोळी त्यांच्याकडं आन तुमचा रवा तुमच्याकडं.

बाबासो : फाटकाजवळ? समदा गाव त्या रस्त्यानं मंडपाला जातोय आता. कीर्तनाची येळ हुईत आली.

कृष्णात : मग बघू दे की.

बाबासो : तुला काय जातंय बघू द्यायला? तू सांजच्याला कुरुंदवाडला जाशील.

संघप्रिया : काका, मीपण थांबणार आहे की तिथं.

बाबासो : तू कशाला? लोक विचारतील, अळ्या कुठनं आल्या.

संघप्रिया : मी सांगेन.

बाबासो : काय सांगशील?

संघप्रिया : माझ्या खोलीतून आल्या. वरची भिंत अर्धी होती, मला माहीत होतं आणि मी बोलले नाही.

बाबासो : शेतकी अधिकाऱ्याच्या कानावर जाईल ते. लॅब जाईल तुझी.

संघप्रिया : जाईल कदाचित. कार्डं तरी उद्या जातील सगळ्यांना. यंदाचा ऊस तरी राहील.

बाबासो : काय गरज हाय? पोती भांडाराची हायत, किडाबी भांडाराचाच. मी सांगतो तसं. माझं काय, थोडं दिस बोलतील आन गप बसतील.

संघप्रिया : तसं नका सांगू. परवा तुम्ही माझ्यावर नको ते घातलंत. आज माझं आहे ते तुम्ही उचलायला निघालात. दोन्ही नको मला.

कृष्णात : मॅडमचं बरोबर हाय.

बाबासो : तू गप रं. …चिमणाबाई! ओ चिमणाबाई! चाललाय व्हय मंडपाला? हिकडं या. सूप हाय का बरोबर? बरं, नसू दे. भांडारातली पोती बाहेर काढतोय. व्हय, कीड लागलीया. रव्यालाच न्हाय, समद्याला लागली आसंल. बघा, या आत, हात लावून बघा. काय? न्हाय, आज कीर्तनाला… काय म्हणताय, ही कोण? ही आमची संघप्रिया. हिला सांगायचंय तुमाला कायतरी. आधी माझं एक ऐका, मग हिचं. परवा मी मंडपात हिला घाण म्हणलो, समद्यांच्या देखत. ते मी माघारी घेतो. तुमी तितं सांगा, माईकवरनं सांगाय लावा महाराजांस्नी. न्हाय, मीच येईन. मी येऊन सांगतो. कीर्तन सुरू व्हायच्या आधी.

संघप्रिया : मावशी, अळ्या माझ्याकडच्या होत्या.

बाबासो : ऐकलंत? ती पळून जात न्हाय, मीबी जात न्हाय. जावा तुमी म्होरं, महाराजांना थोडं थांबाय सांगा.

कृष्णात : आज हमाल न्हाईत मामा, रविवार. आपण तिघंच.

बाबासो : ठाऊक हाय. मॅनेजर झालो म्हणून पाठ मऊ झाली न्हाय माझी अजून. चल, ह्यो रवा आधी.

संघप्रिया : काका, तुमचं वय झालं. मी धरते.

बाबासो : एकटीच्यानं उचलायचं न्हाय ते. तू तिकडचं टोक धर, मी हिकडचं. गुडघं वाकव, पाठ न्हाय. हां. आता संगट.